काचेतून खांद्यावर

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. क्रिकेटवाले पायाला बांधतात, त्यातला मी नव्हे. मी खांद्यांवर चढतो. मधे डोकं घालायला जागा, दोन्ही बाजूंना टणक कवच, आत जाड नमदा आणि काखेखालून आवळायचे चामड्याचे पट्टे, असा माझा एकूण थाट. मला घामाचा वास येतो आणि तो मी लपवत नाही. इतकी वर्षं एकाच माणसाचा घाम प्यायलोय, वास येणारच. नव्या पॅडांना येत नाही, कारण त्यांनी अजून काही केलेलंच नसतं.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यातला. साच्यातून माझी दोन कवचं निघाली आणि एका जाडजूड बाईनं गाणं गुणगुणत माझे रिव्हेट ठोकले. शेवटचा ठोकल्यावर तिनं मला पालथं घालून वर कोपर टेकवून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा टिकेल गं." तेवढा एक आशीर्वाद घेऊन मी खोक्यात बसलो आणि उत्तरेला, मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, टॅमरॅक फॉल्स नावाच्या गावी आलो.

हे लोखंडाच्या खाणीचं गाव. ऑक्टोबरात बर्फ पडायला लागतो आणि एप्रिल आला तरी त्याचा पाय निघत नाही. फिनलंडहून खाणीत कामाला आलेल्यांची नातवंडं-पतवंडं इथे राहतात. माणसं चांगली, पण बोलायला भारी कंजूष. शेजाऱ्याकडे कुणी वारलं तर दारात पेस्टीचं ताट ठेवून मुकाट निघून जातील. पेस्टी म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली करंजीच, फक्त एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही एवढी. मनातलं विचारणं इथे आगाऊपणाचं समजतात आणि मनातलं सांगणं त्याहून. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमच्याकडे फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. प्रत्येक डावात तो आधी ज्याच्या हातात येतो, आणि पुढे कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. तो ठरवत असतो तेव्हा समोरून चार-पाच धिप्पाड माणसं त्याला लोळवायला सुटलेली असतात. लोळवलं की पहिला मार मला.

माझा माणूस वेन्डल नीमी. शाळेत मिसरूड फुटत होतं तेव्हापासून मी त्याच्या खांद्यावर. शाळा सुटली, तो खाणीवर ट्रक चालवायला लागला आणि शनिवारी गावच्या टीमकडून, म्हणजे मायनर्सकडून, खेळायला लागला. लग्न झालं, मुली झाल्या, केस विरळ झाले, पण शनिवार काही चुकला नाही. एकदा त्याचा उजवा खांदा निखळला. बरा झाला, पण चेंडू फेकायला हात वर नेला की माझं उजवं कवच मधे यायचं. तेव्हा टीमचं सामान सांभाळणाऱ्या सुलोनं चाकू काढला. सुलो हा म्हातारा ब्रह्मचारी, तोंडात सदा न पेटवलेला पाइप. त्यानं माझा उजवा काठ गोलाकार कापून टाकला आणि कापलेल्या कडेला हरणाचं कातडं शिवलं. मला राग आला होता, का नाही येणार? पण दुसऱ्या दिवशी वेन्डलचा हात सरळ आभाळाकडे गेला आणि चेंडू मैदानाच्या पार त्या टोकाला जाऊन पडला. तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाच्या अंगाला बसत नाही. उजवीकडून तोकडा, डावीकडून पुरा. फुकट दिला तरी मला कुणी नेणार नाही आणि या गोष्टीचा मला फार अभिमान आहे.

आम्ही दोघांनी खूप मॅच जिंकल्या. पाइन हार्बर हे आमचं शेजारचं गाव आणि पक्कं वैरी. त्यांचा एक रेड्यासारखा गडी एकदा मला धडकला आणि स्वतःचाच खांदा धरून खाली बसला. आमच्या टीममधला एल्डन त्याला म्हणाला, "भिंतीला विचारून तरी धडकायचं." हा एल्डन गावातला खाटीक. मैदानात वेन्डलच्या पुढ्यात वाकून उभा राहतो आणि पायांमधून मागे त्याच्या हातात चेंडू देतो.

वेन्डल एक्केचाळीस वर्षांचा झाला त्या वर्षी आम्ही पाइन हार्बरकडून शेवटची मॅच हरलो. अगदी थोडक्यात हरलो. मोसम संपला की खाणकामगारांच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण असतं आणि सामानही त्याच दिवशी सुलोकडे जमा करायचं असतं. म्हणून मी तिथेच होतो, वेन्डलच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेला. जेवणं झाल्यावर कोच बर्ग उठले. ते शाळेत भूमिती शिकवायचे आणि बोलायचेही तसेच, रेघ मारून. ते म्हणाले, "वेन्डल, दोन शब्द बोल."

वेन्डल उभा राहिला. "पुढच्या वर्षी..." एवढं म्हणाला आणि त्याचा गळा दाटून आला. पुढच्या वर्षी आपण पाइन हार्बरला हरवू, एवढंच त्याला म्हणायचं होतं. हॉलमध्ये येताना तो तेच वाक्य पुटपुटत होता, मी ऐकलं होतं. पण ती हार त्याला फार लागली होती. ओठ हलले, डोळे भरले आणि तो मटकन खाली बसला.

झालं. ज्या गावात बापाच्या दफनाला माणसं रडत नाहीत, त्या गावात चाळिशी ओलांडलेला क्वार्टरबॅक "पुढच्या वर्षी" म्हणतो आणि रडतो, याचा एकच अर्थ होतो. आधी सुलो उठला, मग कोच, मग सगळा हॉल. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एल्डननं त्याला मिठी मारली. वेन्डल गोंधळून सगळीकडे बघत राहिला. त्याची बायको मर्ना कोट घ्यायला खुर्चीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "तू खेळणं सोडलंस, हे मला गावाबरोबरच कळायचं होतं का?"

"मलाही आत्ताच कळलं," वेन्डल म्हणाला.

"मग सांग ना त्यांना."

"ते टाळ्या वाजवतायत, मर्ना. असं मधेच कसं सांगू?"

तिनं कपाळावर हात मारला आणि कोट उचलला.

पुढच्याच आठवड्यात सुलोनं ओक लाकडाची सुंदर पेटी केली आणि तिला पुढून काच बसवली. आत मी, माझ्यावर वेन्डलचा अकरा नंबरचा सदरा आणि खाली पितळेची पाटी, अशी ती हॉलच्या भिंतीवर लागली. अकरा नंबर मायनर्समध्ये यापुढे कुणीही घालायचा नाही, असा ठराव झाला. खोटं कशाला बोलू, मला सुरुवातीला बरं वाटलं. शाळेची पोरं काचेला नाक लावून बघायची. बायका पदार्थ मांडताना माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काय खेळायचा ना!" खेळायचा. ऐकलंत? माणूस तिथेच पत्ते खेळत बसलेला असायचा, माझ्याकडे पाठ करून.

गावानं त्याला मासे पकडायची घडीची खुर्ची दिली, लोकरी मोजे दिले, डुलती खुर्ची दिली. जो तो येऊन पाठ थोपटून जायचा. आणि मी काचेत कोरडा पडत चाललो होतो. घाम नाही, दव नाही, चिखल नाही. चामड्याच्या पट्ट्यांना भेगा पडायला लागल्या. मित्रांनो, मान मिळणं वाईट नाही. पण मला खांदा हवा होता आणि मला वाटत होतं की त्या खांद्यालाही मी हवा आहे.

वसंतात एकदा मर्ना हॉलमध्ये रिकामी ताटं न्यायला आली. सुलो माझी काच पुसत होता. ती त्याला म्हणाली, "पुसून काय करतोस? तुझा निवृत्त माणूस रोज गॅरेजात टायर टांगून त्यातून चेंडू फेकतोय. माझ्या फुलांच्या कुंड्या फुटल्या."

सुलोनं पाइप या गालातून त्या गालात नेला. "मग त्याला खेळायचंय की काय?"

"त्यालाच विचार."

"मी कशाला विचारू?" सुलो म्हणाला आणि काच पुसत राहिला. असं आमचं गाव.

शेवटी ऑगस्टमध्ये, नव्या मोसमाच्या पहिल्या बैठकीला सगळी टीम हॉलमध्ये जमली असताना वेन्डल आत आला. टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. "मी खेळणार आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी आधी माझ्या पेटीकडे बघितलं. मग कोच बर्ग म्हणाले, "वेन्डल, आम्ही तुला काचेत घातलंय रे."

"पॅडला घातलंय. मी बाहेरच आहे."

एल्डन फिसकन हसला आणि गप्प झाला. कारण कोपऱ्यात डॅरिल बसला होता. डॅरिल हा नवा क्वार्टरबॅक, तेवीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा, गुणी मुलगा. वेन्डलमुळे तो तीन वर्षं बाकावर बसून होता. आता कुठे त्याची पाळी आली होती.

कोच म्हणाले, "आणि डॅरिलनं काय करायचं?"

"डॅरिल माझ्याहून चांगला असेल तर त्यानं खेळायचं. मी बाकावर बसेन, त्याच्या बाटल्या भरेन. पण मी थांबलेलो नाही, कोच. त्या दिवशी माझा नुसता गळा भरून आला होता. मी कधी थांबायचं ते मी ठरवीन. तुम्ही सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्यात म्हणून नाही."

वेन्डलनं आयुष्यात एका दमात एवढी वाक्यं बोललेली मी तरी ऐकली नव्हती. एल्डननं विचारलं, "आजोबा, खांदा एक्केचाळीस वर्षांचा झालाय ना?"

"बेचाळीस. मार्चमध्ये झाला."

कोचनी मैदानात नेऊन त्याला नवं कोरं पॅड दिलं. काय झालं ते नंतर एल्डननंच हॉलमध्ये रंगवून सांगितलं. नव्या पॅडात वेन्डलचा हात कानाच्या वर जाईना. चेंडू बदकासारखा फडफडत अर्ध्यातच पडला आणि पोरं खाली बघायला लागली. तेवढ्यात सुलो काही न बोलता हॉलकडे चालू लागला. मी त्याला येताना बघितलं, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्यानं पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि पट्ट्यांना तेल चोळलं. मैदानात गेलो, वेन्डलच्या डोक्यावरून खाली उतरलो आणि दोन्ही खांद्यांवर बसलो. खांदे थोडे झिजले होते, पण माझेच होते. हात वर गेला आणि चेंडू सरळ, गोल फिरत, डॅरिलचा पडायचा त्याच्याही पुढे जाऊन पडला. कोच स्वतः चालत जाऊन तो चेंडू उचलून आले. मग म्हणाले, "अकरा नंबर मात्र मिळणार नाही. ठराव झालाय."

"राहू द्या भिंतीवर. मी बारा घालतो."

पण मित्रांनो, काचेतून बाहेर येणं सोपं होतं. लोकांच्या मनातून आम्ही अजून काचेतच होतो. डॅरिल छान खेळत होता, म्हणून वेन्डल बाकावर, आणि ते त्याला मान्य होतं. न मान्य होण्यासारखं वेगळंच होतं. आमच्या खेळात एक रीत आहे. आपण पुढे असलो आणि वेळ संपत आला, की क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि नुसता गुडघा टेकतो. घड्याळ चालू राहतं, कुणी कुणाला धडकत नाही आणि मॅच संपते. कोच काय करायचे, तर जिंकत आलेल्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी वेन्डलला आत पाठवायचे. त्यानं गुडघा टेकायचा, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. पहिल्या वेळी तो गेला. मला लाज वाटली हो. कुणी मला हातसुद्धा लावला नाही. मी जसा गेलो तसा कोरडा परत आलो.

दुसऱ्या वेळी कोच म्हणाले, "वेन्डल, जा, गुडघा टेकून ये."

वेन्डल बाकावरून हललाच नाही. "टेकायला माझे गुडघे बरे नाहीत, कोच. हात बरा आहे."

"गाव तुझा मान ठेवतंय आणि तू..."

"मान पुष्कळ झाला. डाव द्या."

कोच चिडले आणि त्यांनी डॅरिललाच गुडघा टेकायला सांगितलं. त्या दिवशी मायनर्स जिंकले तरी वेन्डलशी फारसं कुणी बोललं नाही. गावाला त्याला ओवाळायचं होतं आणि त्याला खेळायचं होतं. या दोन्हींतलं एकच होऊ शकत होतं.

मग आला पाइन हार्बरचा शनिवार. सकाळपासून ओला, जड बर्फ पडत होता. अशा थंडीत आमची माणसं मैदानाभोवती गाड्या लावून आत बसूनच मॅच बघतात आणि खूश झाली की भोंगे वाजवतात. त्या दिवशी भोंगे गप्प होते. आम्ही चार गुणांनी मागे होतो, वेळ थोडा उरला होता आणि डॅरिलच्या हातातून चेंडू पुन्हा पुन्हा निसटत होता. त्याचे पाय कितीही चपळ असले तरी असा चेंडू बोटांनी ओळखायला बरेच हिवाळे जावे लागतात. डॅरिलनं खेळ थांबवायची खूण केली आणि तो धापा टाकत बाकापाशी आला.

"कोच, चेंडू साबण झालाय. माझ्या हातात ठरत नाही. आजोबांना पाठवा."

"तुला कुठे लागलंय का?"

"नाही लागलं. म्हणून तर मी बाहेर बसणार नाही. ते फेकतील, मी पळतो. मला टोकाला ठेवा."

तीन वर्षं वाट बघून मिळालेली जागा त्या मुलानं अशी समोरून दिली. कोचनी वेन्डलकडे पाहिलं. वेन्डल आधीच उठून उभा होता.

मैदानात गेल्या गेल्या पाइन हार्बरचा एक जण ओरडला, "अरे, आज म्युझियम उघडं आहे वाटतं!"

"तिकीट काढून ये मग," एल्डन वाकल्या वाकल्या म्हणाला.

वेन्डलनं मानेपाशी माझ्याखाली बोटं घातली आणि ती माझ्या नमद्याला पुसून कोरडी केली. ही त्याची जुनी सवय. पहिल्याच डावात आम्हाला लोळवलं. थंडगार बर्फात तोंडावर आपटलो आणि काय सांगू, इतक्या महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढच्या डावात त्यानं डॅरिलकडे जवळूनच चेंडू टाकला, मग आणखी एक. आम्ही सरकत सरकत पुढे आलो. वेळ संपत आला. शेवटचा डाव.

चेंडू हातात आला. डॅरिल पळाला, पण त्याच्या अंगावर एक जण चिकटून होता. डावीकडून दोघं सुटून थेट आमच्यावर येत होते. वेन्डलला ते दिसत होते, मला त्याच्या खांद्यावरून कळत होतं. घाईनं फेकून तो मार चुकवू शकत होता. त्यानं फेकला नाही. तो थांबला. डॅरिल एक पाऊल मोकळा झाला तेव्हा कुठे त्याचा हात वर गेला, माझ्या कापलेल्या कडेवरून पुरा वर. चेंडू सुटला आणि त्याच क्षणी ते दोघं डावीकडून येऊन आदळले. माझं डावं कवच इकडून तिकडे तडकलं. आत त्याचं हाड मात्र शाबूत होतं. तेवढ्यासाठीच तर मला बनवलं होतं.

आम्ही बर्फात पालथे पडलो होतो, त्यामुळे पुढचं काही दिसलं नाही. आधी एक भोंगा वाजला. मग दुसरा. मग मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्या एकदम वाजायला लागल्या. डॅरिलनं चेंडू पोटाशी धरून रेषेपलीकडे घसरत नेला होता, म्हणजे सहा गुण आमचे. एल्डननं वेन्डलला काखेत हात घालून उभं केलं आणि म्हणाला, "ऊठ आजोबा, गुडघे टेकायचे नाहीत म्हणाला होतास ना?"

सुलोच्या खोलीत मला टेबलावर ठेवलं. डावीकडची भेग एवढी की आतला नमदा दिसत होता. भोवती सगळे जमले. वेन्डल गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या घेऊन स्टुलावर बसला होता. कोच बर्ग माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, "हे असंच्या असं हॉलमध्ये लावू, भेगेसकट. पाटीवर आजची मॅच लिहू. वेन्डल, याहून चांगला शेवट कुणाला मिळतो?"

कोच मनापासून बोलत होते आणि खोटंही बोलत नव्हते. सगळे वेन्डलकडे बघत होते. त्या क्षणी तो नुसती मान हलवता तरी गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. माझं तर अंगच फुटलं होतं, आता मी तरी कशाच्या जोरावर हट्ट धरणार? कोच पुढे म्हणाले, "तू सांग. या वेळी मी तुला विचारतोय."

दारात उभी असलेली मर्ना म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी विचारलं."

वेन्डलनं माझ्या भेगेवरून अंगठा फिरवला. मग तो कोचकडे नाही, सुलोकडे वळला. "हे जोडता येईल?"

"पत्रा लावून रिव्हेट मारता येतील," सुलो म्हणाला. "घाणेरडं दिसेल."

"मला कुठे आरशात बघायचंय. शनिवारी परत मॅच आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॅरिलनं दिवा जवळ सरकवला, एल्डननं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि सुलोनं हातोडी उचलली. माझ्या जन्मानंतर इतक्या वर्षांनी मला पुन्हा रिव्हेट बसले आणि मला माझ्या अंगाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं जुनं काही असेल किंवा जुनं कुणी असेल. त्याला उंचावर नेऊन ठेवायच्या आधी एकदा विचारून घ्या, अजून काम करायचंय का म्हणून. हो म्हणालं तर त्याची मोडतोड नीट करा आणि त्याला कामाला घ्या. माझी काळजी घेणं फार अवघड नाही. मी भिजलो तर शेगडीपाशी ठेवू नका, कातडं तडकतं. दाराशी वाऱ्यावर टांगा. पट्ट्यांना तेल लावा. पत्र्याच्या कडेवरून हात जपून फिरवा. आणि उजव्या बाजूचा पट्टा फार आवळू नका. शनिवारी वेन्डलला हात पुरा वर न्यायचा आहे.